पाचशे द्राख्मांच्या गौरी

अगं बस, बस, उठू नकोस — बाकडं काय माझ्या तीर्थरूपांचं आहे? दोघींना पुरतं. आणि तू फोनवर मराठीत बोलत होतीस ना, 'डाळ भिजत घातलीय' म्हणून, ते ऐकूनच मी समोरच्या बाकावरून उठून आले. अडीच महिने झाले मला येऊन, या बागेत मराठी आज पहिल्यांदा कानावर पडलं. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझ्या मुलापेक्षाही लहान दिसतेस. काय नाव? सलोनी. छान. मी लीलावती टिळेकर, चिंचवडची. तिथं टिळेकरबाई कुठं राहतात म्हणून विचारलंस तर रिक्षावालासुद्धा घर दाखवेल, कारण निम्मे रिक्षावाले माझ्याच हाताखालून गेलेत — पहिली ते चौथी, एकतीस वर्षं. ती समोरची पांढरी इमारत दिसते ना, तिच्या सहाव्या मजल्यावर माझा देवदत्त राहतो. कॉम्प्युटरमध्ये आहे — योकोहामात मराठी माणूस आणखी कशात असणार म्हणा. आणि तू? पाळणाघरात? नऊ वर्षं! मग बारक्या पोरांचं जपानी तुला तोंडपाठ असेल. बरं झालं, देवानंच पाठवली तुला, मला एक शब्द विचारायचाय. पण तो नंतर. आधी वाजले किती ते सांग. तीन पाच. म्हणजे पंचवीस मिनिटं आहेत अजून.

कशाला म्हणजे? साडेतीनला त्या काचेच्या दारातून माझी सून आणि नात बाहेर येतील. माफी मागायला निघाल्यात. हो, माफी — इथं ती अशी तोंडानं नुसती मागून भागत नाही म्हणे, खोका घेऊन जावं लागतं, मिठाईचा, त्याला कागद वेगळा, फीत वेगळी, दुकानातल्या बाईला सांगावं लागतं की हे माफीचं आहे म्हणून. मला तर नवलच वाटलं. आणि सकाळपासून ती सात वर्षांची पोर आरशासमोर कमरेतून वाकायचा सराव करतेय. एवढं नको, आणखी थोडं, हात मांडीवर — नीलिमा शिकवतेय तिला. नीलिमा माझी सून. ओवी माझी नात. ओवीनं एक नोट खराब केली. म्हणजे — झाली खराब नोट.

पैशाचीच गं, पण आपली नाही आणि इथलीही नाही, ग्रीसची. जुनी. तिकडेही ती आता चालत नाही, त्यांनी ते द्राख्मा कधीच बंद केले आणि युरो घेतला. आता तू म्हणशील, बंद पडलेल्या नोटेसाठी एवढं रामायण कशाला? मीही हेच म्हणाले होते. जून महिन्यात आल्या आल्या म्हणाले — 'नीलिमा, इतिहासात एम.ए. झालीस, आणि मोडीत गेलेल्या नोटांच्या दुकानात चिठ्ठ्या लिहितेस?' असंच म्हणाले, याच तोंडानं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, आमच्या घराण्याचा रोग आहे तो. नीलिमा फार बोलत नाहीच. सहा वर्षं ती या सहाव्या मजल्यावर नुसती बसून होती, भाषा येत नाही म्हणून कुणी विचारत नव्हतं, मग एक एक अक्षर शिकली आणि स्टेशनच्या मागं एक म्हाताऱ्याचं दुकान आहे, जुनी नाणी, जुन्या नोटा, तिथं आठवड्यातून चार दिवस लागली — बाइतो म्हणतात ना तुम्ही त्या अर्धवेळ कामाला, तेच. परदेशी गिऱ्हाइकांसाठी नोटेवर काय आहे, कोण आहे, ते इंग्रजीत लिहायचं. ओवी शाळेतून येते तेव्हा घरात कुणीतरी हवं, म्हणून मी आले. नव्वद दिवसांचा शिक्का आहे. मंगळवारी विमान.

त्या म्हाताऱ्याचं नाव मोरिता-सान. एकोणऐंशी वर्षांचा आहे. तरुणपणी मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला होता, म्हणून त्याला ग्रीसचं वेड. पुढल्या रविवारी वॉर्डाच्या सभागृहात त्याच्या नोटांचं प्रदर्शन आहे, आणि नोटांखालच्या सगळ्या चिठ्ठ्या नीलिमानं लिहायच्या. तिचं नावसुद्धा लागणार होतं खाली, छापून. नीलिमा टिळेकर. म्हणून त्यानं आख्खा अल्बम तिला घरी नेऊ दिला. आख्खा अल्बम! जपानी माणूस, दुकानात हातमोज्याशिवाय कुणाला नोटेला बोट लावू देत नाही, आणि घरी नेऊ दिला.

बुधवारी ती माझ्याशेजारी बसली. मी भाजी निवडत होते आणि ती म्हणाली, 'आई, बघता का?' मी म्हटलं दाखव. अगं काय सांगू तुला! पन्नासची नोट घे — पुढून समुद्राचा देव, दाढीवाला, आपला वरुण म्हण, आणि उलटी केली की मागे एक बाई बोटीत उभी राहून किल्ल्यावर तोफा डागायला लावतेय. खरीखुरी बाई हं, त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातली, विधवा, स्वतःची जहाजं घेऊन लढली. मी म्हटलं, ही तर त्यांची ताराराणी! नीलिमा हसली. तेरा वर्षांत मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. मग एक दहा हजारांची — पुढून डॉक्टर, चष्मेवाला, बायकांच्या पोटातल्या कॅन्सरची ती तपासणी असते ना, ती त्यानं शोधलेली, आणि मागे त्यांचा वैद्यांचा देव, सापवाला. मी म्हटलं, 'अगं ही तपासणी माझी केलीय त्या ताम्हणकर डॉक्टरीणबाईंनी, आणि त्याचा शोध लावणारा नोटेवर! आपल्याकडं असं कधी सुचायचं?' नीलिमा म्हणाली, 'बघा ना आई, एका बाजूला पुराण आणि एका बाजूला इतिहास, पाठीला पाठ लावून. एवढ्याशा कागदावर आख्खा देश बसवलाय.' ते वाक्य तिनं लगेच वहीत लिहून घेतलं. माझ्यासमोर सुचलं तिला ते.

आणि एक दोनशेची आहे, तिच्या मागे शाळा आहे. शाळा! अंधारात एक साधू पोरांना जवळ घेऊन शिकवतोय, तुर्कांच्या राज्यात चोरून. माझे तर डोळेच भरून आले, एकतीस वर्षं फळ्यापुढं काढलेली मी. तर नीलिमा म्हणते, 'आई, इतिहासकार म्हणतात अशा चोरशाळा होत्या याला नीट पुरावा नाही. पण लोकांना ते खरं वाटतं, म्हणून छापलं.' म्हटलं, म्हणजे नोटेवरही खोटं असतं? ती म्हणाली, 'खोटं नाही आई, हवंहवंसं वाटणारं असतं.' हे मला त्या दिवशी कळलं नाही. आता कळतंय.

आणि मग ती पाचशेची. शेवाळी हिरवी. ती अल्बमच्या अगदी शेवटी, वेगळ्या पाकिटात. दुकानातली प्रत्येक वस्तू विकायला आहे, ही नाही. मोरिता-सान चोवीस वर्षांचा असताना तिकडच्या बंदरात तापानं फणफणला, जहाज निघून गेलं, आणि एका म्हाताऱ्या बाईनं त्याला घरात ठेवून घेतला, तीन आठवडे, भाषा ना ह्याची तिला ना तिची ह्याला. निघताना तिनं ही नोट त्याच्या खिशात घातली — वाटेत काहीतरी खा म्हणून. त्यानं नाही खाल्लं. घडीसुद्धा नाही घातली कधी. पन्नास-पंचावन्न वर्षं कोरी करकरीत. त्या नोटेवर, सलोनी, दोन बायका उभ्या आहेत. समोरासमोर, लांब वस्त्रं, ताठ, एकीच्या हातात काठी, दुसरीच्या हातात मशाल, आणि दोघींच्या मधे एक मुलगा. नीलिमानं सांगितलं, ही आई, धान्याची देवी. ही तिची लेक. लेकीला पाताळाचा राजा पळवून नेतो, तेव्हा ही आई अशी रुसून बसते की पृथ्वीवर गवताची काडी उगवत नाही. मग शेवटी ठरतं की लेकीनं वर्षातले काही महिने आईकडं यायचं, आणि ती आली की शेतं हिरवी होतात. आणि मधल्या मुलाला त्या पेरणी शिकवतायत.

मी म्हटलं, अगं — ही माहेरवाशीण! या तर गौरी! ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आणि मधे बाळ! आमच्याकडं अगदी असंच मांडतात, दोघी उभ्या आणि मधे बाळ. नीलिमा माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, 'आई, हे मी चिठ्ठीत लिहू? की महाराष्ट्रात अशाच दोघी येतात, धान्याच्या दिवसांत, तीन दिवसांसाठी?' लिहू का म्हणून मला विचारलं तिनं. मला! मी तिला काय काय बोलले होते, आणि ती मला विचारत होती. त्या रात्री मी देवदत्तला म्हटलं, तुझी बायको रत्न आहे रे. ती कशी आहे ते कळायला मला तेरा वर्षं लागली.

तीन चौदा? बरं.

गुरुवारी गौरीपूजन होतं. तुझ्याकडं असतात गौरी? हं, तुमच्याकडं खड्यांच्या. आमच्या मुखवट्यांच्या, पितळी, सासूबाईंच्या सासूबाईंपासूनच्या. त्या राहिल्या चिंचवडला, माझ्या जावेकडं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात गौरी आणि मी घरात नाही. नीलिमा म्हणाली होती, 'आई, गौरी एकाच घरी बसतात ना, मग इथं वेगळं काही नको करायला.' बरोबरच बोलली. पण सकाळपासून माझं मन थाऱ्यावर नाही. सगळे गेले आपापल्या कामाला. मी पुरण घातलं, नाही म्हटलं तरी दोन पोळ्या केल्या. कशापुढं ठेवू? देव्हारा म्हणजे पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा, त्यात गणपतीचा फोटो. आणि टेबलावर तो अल्बम.

नुसता नमस्कार करणार होते गं. शपथ. काढली ती पाकिटातून — आता पाकिटावरून कुंकू लावलं तर ते प्लॅस्टिकला लागणार, देवीला काय पोचणार? म्हणून काढली. असं वाटलं तेव्हा. आता वाटतं, प्लॅस्टिकवरूनच लावलं असतं तर काय बिघडलं असतं, देवी काय मोजायला बसली होती? पण हात सरावलेला. अनामिका बुडवली हळदीत, मग कुंकवात, आणि ती एवढी एवढी दोन कपाळं — आईला आणि लेकीला. गौरी बसल्या माझ्या घरात. अक्षता वाहिल्या. पोळीचा नैवेद्य दाखवला. आणि मग डोळे उघडून बघते तर काय — कपाळं कुठली, आख्खी तोंडंच गेलेली कुंकवाखाली. तेल लावलेलं कुंकू ते, कागदानं प्यायलं. उलटी केली तर मागे छापलेल्या फळांवरही उमटलेलं. पाठीला पाठ ना.

हो. मी. आता तुला सांगतेय म्हणजे कळलंच की. ओवीनं नाही, मी. तसं बघू नकोस माझ्याकडं.

मी पुसायला गेले. आधी कोरड्या कापडानं, तर पसरलं. मग ओल्यानं. मग भांड्यांचा साबण लावला नळाखाली. तुला माहितेय ना हळदीला साबण लागला की काय होतं? लाल होते! रक्तासारखी लालभडक. चाळीस वर्षं हळदीचे कपडे धुतलेली बाई मी, एवढं आठवू नये? खरं सांगू? आता एवढं सांगितलंय तर हेही सांगते — ती नोट कचऱ्यात टाकायचं मनात आलं. बारीक तुकडे करून. हरवली म्हणून सांगायचं. पण या देशात कचऱ्यालाही वार आहेत बाई, तो बाटल्यांचा वार होता, कागदाचा नव्हता, आणि खाली पिशवी उघडून बघतात म्हणे. म्हणून नाही टाकली. नाहीतर टाकली असती. ही टिळेकरबाई. जिनं एकदा एका पेन्सिलीसाठी आख्खा वर्ग तासभर उभा केला होता, जोवर चोर स्वतःहून पुढं येत नाही तोवर कुणी खाली बसणार नाही म्हणून.

मग नोट टेबलावर ठेवली वाळायला. संध्याकाळी नीलिमा आली. ओवीची रंगीत पेनं तिथंच पडलेली होती, तांबडं पेन उघडं. नीलिमानं नोट बघितली, पेन बघितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं गं. जमिनीवरच बसली, पर्स खांद्यावर तशीच. म्हणाली, 'ओवी?' आणि पोरीनं मान खाली घातली आणि म्हणाली, 'गोमेन्नासाई.' माफ कर म्हणून. एवढंच. आता तूच सांग, इथली पोरं कशालाही गोमेन्नासाई म्हणतात ना? शेजारच्यानं धक्का दिला तरी हेच गोमेन म्हणतात. मला वाटलं, तसंच म्हणाली. नीलिमानं माझ्याकडं बघून विचारलं, 'आई, तुमचं लक्ष नव्हतं का?' मी म्हटलं, 'मी स्वयंपाकघरात होते.' खोटं नव्हतं ते. होतेच मी स्वयंपाकघरात.

त्या दिवसापासून पोरीची पेनं बंद. वर्षभर हात लावायचा नाही. आणि तिला दुसरं येतंच काय? दिवसभर चित्रं काढते पोर. काल रिकाम्या बोटानं टेबलावर काढत होती, बोट फिरवत, काहीतरी. मला बघवेना. नीलिमा म्हणते, 'मोरिता-सानना तोंड कसं दाखवू, मी सोडतेच काम.' देवदत्त म्हणतो, 'सोड मग, कशाला एवढं!' त्याला काय कळतंय. ते प्रदर्शन, ती चिठ्ठी, छापून येणारं नाव — सहा वर्षं वाट बघितली त्या बाईनं.

बोलले का नाही? तेच विचारतेस ना? तीन दिवस मीही तेच विचारतेय. भ्यायले म्हणून? नाही गं. नीलिमा मला काही बोलली नसती, तोंडावर तर नाहीच. पण बुधवारची ती दुपार गेली असती. तेरा वर्षांनी ती माझ्याशेजारी येऊन बसली होती, अल्बम मांडीवर घेऊन. लिहू का म्हणून विचारलं होतं. ती दुपार मला ठेवायची होती. आणि पोर लहान आहे, विसरेल, असं म्हणाले मनाशी. आपली झाकली मूठ राहावी म्हणून नातीला पुढं केली मी.

आणि पेनं. हो, पेनं. तिथंच पडली होती म्हणाले ना मी मघाशी? ती तिथं नव्हती. ती ओवीच्या खोलीत होती, खणात, नीट डब्यात. मी आणली. मीच टोपण काढून ठेवलं. ओवी पोहायच्या क्लासला गेली होती तेव्हा. हे मी कुणालाच सांगणार नव्हते, तुलाही नाही. कसं तोंडातून गेलं कोण जाणे.

पाणी? नको. नको गं, बस तू.

तो शब्द. हां, तो शब्द विचारायचा राहिला. त्या दिवशी मी नळाखाली नोट धरून घासत होते ना, तेव्हा ओवी शाळेतून आली. पिवळी टोपी तशीच डोक्यावर. स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी चटकन पाठ फिरवली, तिला काय दिसणार, तिला वाटलं असेल आजी भांडी घासतेय. तर तिनं तोंडावर बोट ठेवलं. मी इथं आल्यापासून तिला शिकवलंय ना, आमची शाळा-शाळा चालते दुपारी — 'हाताची घडी, तोंडावर बोट!' आवडतं तिला ते, दोन्ही एकदम कसं करायचं म्हणून हसत सुटते. मला वाटलं तेच खेळतेय. मी म्हटलं, शहाणी माझी ती. तेव्हा ती म्हणाली, 'आजी, नाइशो, ने?' मला वाटलं, नाही-शो का काय, टीव्ही लावू नको म्हणतेय. आज सकाळीही, वाकायचा सराव करताना, आरशातून माझ्याकडं बघून परत तेच. तोंडावर बोट आणि नाइशो. काय गं अर्थ त्याचा? खाऊचा काही प्रकार आहे का?

काय?

परत सांग.

गुपित. कुणाला सांगायचं नाही. आपल्या दोघींत. अगं पण तुमच्या पाळणाघरात पोरं म्हणत असतील तसं, खेळात. उगीच. असंच म्हणत असतील ना? ... नाही.

म्हणजे तिनं बघितलं. नोट बघितली माझ्या हातात, पाणी लाल झालेलं बघितलं. आणि क्लासहून आली तेव्हा टेबलावर स्वतःची पेनं बघितली. खणात ठेवून गेलेली पेनं. तिला कळलं असेल ना ती कुणी आणली ते? कळलं असेल. चित्रं काढणारी पोर, तिच्या पेनांचा डबा एक बोट सरकला तर तिला कळतं. आणि तिनं मान खाली घातली. माझ्याकडं बघून नाही घातली हं, एकदाही बघितलं नाही माझ्याकडं, कुणाला कळू नये म्हणून. सात वर्षांची. आणि मी समजत होते ती शाळा-शाळा खेळतेय.

एकतीस वर्षं, सलोनी. पोरांच्या तोंडाकडं बघून कोण खोटं बोलतोय ते मी ओळखायची. आणि माझ्यासाठी खोटं बोलणारी माझ्याच घरात उभी होती, ते मला ओळखू आलं नाही. लाज वाटते गं मला. मोठी लाज वाटते. सून खचली त्याचं वाईट वाटलं होतं, नोट गेली त्याचंही वाटलं होतं, पण लाज ही आत्ता वाटतेय, या बाकावर.

वाजले किती? तीन सव्वीस. ऐक. मला एक वाक्य शिकव. 'मी केलं' असं कसं म्हणतात इथं? त्या म्हाताऱ्याला सांगायला. नीलिमाला मराठीत सांगीन, पण त्याला माझ्या तोंडानं कळलं पाहिजे, तिनं भाषांतर करून नको. ती सासूवर पांघरूण घालेल, मला माहितेय. सांग. वाताशी — वात? वात तर आहेच गुडघ्यात. हसू नकोस, मीच हसतेय म्हणून तू हसू नकोस. वाताशी गा. यारि — यारिमाशिता. वाताशी गा यारिमाशिता. बरोबर? परत म्हणते. वाताशी गा यारिमाशिता. पोरांना पाढे पाठ करून घेतले एवढे, एक वाक्य नाही पाठ होणार? आणि वाकायचं किती? कमरेतून. गुडघ्यांचं मी बघते. सासूनं सुनेसमोर वाकू नये असं कुठं लिहिलेलं नाही, आणि असलं तर नोटेवरच्या त्या शाळेसारखं असेल, पुरावा नसलेलं.

आणि हा बघ — तो कुंकवाचा करंडा. पर्समध्येच आहे माझ्या, तीन दिवस घेऊन फिरतेय. त्याला दाखवीन. सांगीन, तुझी ती म्हातारी बाई, जिनं तुला वाटेत खायला दिलं, तिच्या नोटेला मी देवी समजले. एवढं मात्र नीलिमाला भाषांतर करावं लागेल, ते माझ्या आवाक्यातलं नाही. क्षमा नाही केली तर नाही केली. नोकरी नीलिमाची राहू दे, एवढंच मागेन, आणि चिठ्ठीवरचं नाव.

उघडलं दार. आल्या. नीलिमानं साडी नेसलीय गं, बघ. आणि खोका पोरीच्या हातात दिलाय, केवढा तो खोका, चालता येईना तिला. दिसले मी तिला. बघ, बघ, ठेवलं. खोका एका हातानं पोटाशी धरून ठेवलं बोट तोंडावर, वेडी माझी.

तू जा आता, सलोनी. जा गं, तुझी डाळ भिजलीय. हे तू ऐकायचं नाही, हे आमच्या घरचं आहे. वाताशी गा यारिमाशिता. हो, येतंय, जा.

नीलिमा! नीलिमा, थांब गं जरा, मी येतेय तुमच्याबरोबर. नाही, आधी ऐक, मग निघू. आणि ओवी — ओवी बाळा, शाळा सुटली. काढ ते तोंडावरचं बोट.